अटारी २६०० : असेंब्ली आज्ञावलीलेखनाचा इतिहास

अटारी २६०० : घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरावयाचे आणि कार्ट्रिज बदलून निरनिराळे खेळ खेळता येणारे अमेरिकन खेळयंत्र. कॅलिफोर्निया राज्यातील सनीव्हेल येथील अटारी कंपनीने ते सप्टेंबर १९७७ मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ (व्हीसीएस) या नावाने विक्रीस आणले. १९८२ मध्ये त्यास ‘अटारी २६००’ हे नाव मिळाले व १९९२ च्या आरंभी त्याचे उत्पादन बंद झाले. या अवधीत सु. तीन कोटी यंत्रे विकली गेली. घरगुती व्हिडिओ खेळांचा प्रसार प्रामुख्याने या यंत्रामुळे झाला. संगणकविद्येच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान आणखी एका कारणाने विशेष आहे. यंत्र स्वस्त व्हावे म्हणून संपूर्ण चित्र साठविणारी स्मृती त्यातून वगळण्यात आली होती आणि चित्र रेखाटण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोपविण्यात आले होते. त्यामुळे या यंत्राची असेंब्ली भाषा शिकणाऱ्यास भाषेतील संज्ञांबरोबरच काळाचे अतिसूक्ष्म गणित आत्मसात करावे लागे. हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. ते थोड्या व्यक्तींजवळ होते. ते ज्ञान कोणाच्या मालकीचे, त्याचे श्रेय कोणास आणि त्या व्यक्ती निघून गेल्यावर ते टिकावे कसे, हे प्रश्न या यंत्राच्या इतिहासात ठळकपणे उभे राहिले.

पार्श्वभूमी : अटारी कंपनीची स्थापना नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये केली. ‘अटारी’ ही संज्ञा गो या पटखेळाच्या जपानी परिभाषेतील असून प्रतिपक्षाची सोंगटी पुढील चालीत मारली जाण्याच्या बेतात असल्याची स्थिती तिने दर्शविली जाते. कंपनीच्या ‘पाँग’ या पहिल्या यशस्वी खेळात (१९७२) प्रक्रियक नव्हता व आज्ञावलीही नव्हती; खेळाचे सर्व नियम विद्युत् मंडलांच्या जोडणीतच गोवलेले होते. साहजिकच नवा खेळ म्हणजे नवे यंत्र, असा प्रकार होता. खेळाची आज्ञावली वेगळ्या कार्ट्रिजमध्ये साठवून एकाच यंत्रावर अनेक खेळ खेळता येतील, ही कल्पना फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’ या यंत्रात (१९७६) प्रथम प्रत्यक्षात आली.

या सुमारास प्रक्रियकाच्या किंमतीत मोठी घट झाली. एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने चक पेडल यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेला ६५०२ हा आठ बिटांचा सूक्ष्मप्रक्रियक सप्टेंबर १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरांना उपलब्ध झाला. तत्कालीन तुल्य प्रक्रियकांची किंमत त्याच्या कितीतरी पट होती. कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली येथे अटारीसाठी संशोधन करणारे स्टीव्ह मेयर व रॉन मिल्नर यांनी या प्रक्रियकाभोवती घरगुती खेळयंत्राचा आराखडा रचला. त्याचा प्राथमिक नमुना विकसित करण्याचे काम जो डेकुइर यांनी केले. त्यांच्या सायकलीच्या नावावरून या प्रकल्पास ‘स्टेला’ हे सांकेतिक नाव पडले. दूरचित्रवाणीचा संकेत निर्माण करणाऱ्या टीआयए या चिपचा अभिकल्प मुख्यत्वे जे मायनर यांचा होता. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या कंपनीने अटारी विकत घेतल्यावर उत्पादनास आवश्यक असलेले भांडवल उपलब्ध झाले.

यंत्ररचना : यंत्रात मुख्यतः तीन चिप होत्या. पहिली ६५०७ ही ६५०२ चीच स्वस्त आवृत्ती होय. मूळ चिपला ४० पाय असतात, तर हिला २८ होते. पत्ते दर्शविणाऱ्या वाहिन्या तीत केवळ १३ असल्याने प्रक्रियकास ८,१९२ बाइटांपलीकडे पाहता येत नसे व त्यांपैकी कार्ट्रिजच्या वाट्यास ४,०९६ बाइट येत. दुसऱ्या ६५३२ या चिपमध्ये टायमर, खेळाडूच्या दांड्यांचे व कळींचे संकेत घेणारी द्वारे आणि १२८ बाइटांची बदलती स्मृती होती. खेळातील गुण, वस्तूंची स्थाने, उरलेले डाव असे जे काही यंत्राने लक्षात ठेवावयाचे ते सर्व या १२८ बाइटांतच मावावे लागे. तिसरी चिप टीआयए ही चित्र व ध्वनी यांसाठी होती. यंत्रात स्वतःची अशी कोणतीही मूलभूत आज्ञावली नव्हती. वीज सुरू होताच कार्ट्रिजमधील पहिली आज्ञा अमलात येई.

दूरचित्रवाणीच्या ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे व रेषेखाली रेषा अशी फिरत असते. अमेरिकन पद्धतीत अशा २६२ रेषांचे एक चित्र धरून सेकंदास सु. ६० चित्रे उमटविली जात. पाल पद्धतीत (भारतातील रंगीत प्रक्षेपणासाठी १९८२ मध्ये हीच पद्धत स्वीकारली गेली) ३१२ रेषा व सेकंदास ५० चित्रे असत. पुढील काळातील बहुतेक यंत्रांत संपूर्ण चित्राचा आराखडा स्मृतीत ठेवलेला असतो व वेगळे मंडल तो वाचून पडद्यावर पाठविते. व्हीसीएस यंत्रात मात्र टीआयए चिपला केवळ एका रेषेपुरती माहिती ठाऊक असे. ही माहिती म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, २० बिटांत सांगितलेले क्रीडांगण, आठ बिंदू रुंदीच्या दोन खेळाडू-आकृती, दोन क्षेपणास्त्रे व एक चेंडू. क्रीडांगणाच्या २० बिटांनी पडद्याचा डावा अर्धा भाग भरे. उजव्या भागात त्याचीच पुनरावृत्ती किंवा आरशातील प्रतिमा दिसे. पुढच्या रेषेत काही निराळे दिसावयाचे असेल, तर शलाका तेथे पोहोचण्यापूर्वी प्रक्रियकाने चिपच्या रजिस्टरांत नवी मूल्ये भरणे आवश्यक होते.

असेंब्ली भाषा व कालगणना : प्रक्रियकास कळणारे आकडे माणसाला लक्षात ठेवण्यास अवघड असतात. म्हणून प्रत्येक यंत्राज्ञेसाठी तीन अक्षरी संज्ञा योजून असेंब्ली भाषा तयार केलेली असते. उदा., एलडीए म्हणजे मूल्य संचायकात आणणे व एसटीए म्हणजे संचायकातील मूल्य दिलेल्या पत्त्यावर ठेवणे. ६५०२ कुलातील प्रक्रियकांत अशा ५६ संज्ञा असून संचायक, एक्स व वाय ही तीन मुख्य रजिस्टरे असतात. एवढी सामग्री होतकरू विद्यार्थ्यास थोड्या आठवड्यांत अवगत होऊ शकते. खरी अडचण त्यानंतर सुरू होई.

प्रक्रियकाचे घड्याळ सु. १·१९ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेने चाले. त्याच्या एका आवर्तनात शलाका तीन बिंदू पुढे सरके. एक रेषा २२८ बिंदूंची, म्हणजे ७६ आवर्तनांची असे. त्यांतील पहिल्या ६८ बिंदूंच्या काळात शलाका डाव्या कडेकडे परत येत असल्याने पडद्यावर काही उमटत नसे. उरलेले १६० बिंदू दृश्य असत. स्थिर मूल्य संचायकात आणण्यास २ व ते टीआयएच्या रजिस्टरात ठेवण्यास ३ आवर्तने लागतात. या हिशोबाने एका रेषेच्या अवधीत अशी १५ च मूल्ये पाठविता येतात व एक आवर्तन शिल्लक राहते. क्रीडांगणाचे दोन्ही अर्ध भाग परस्परांहून वेगळे दाखवावयाचे असल्यास एका रेषेत सहा मूल्ये लिहावी लागतात. ती कोष्टकातून वाचून घेतल्यास प्रत्येकी ७ प्रमाणे ४२ आवर्तने त्यातच खर्ची पडतात. शिवाय प्रत्येक मूल्य ठराविक क्षणांच्या दरम्यानच लिहावे लागते. घाई झाली तर डावीकडचे चित्र बिघडते व उशीर झाला तर उजवीकडचे. आज्ञावलीतील प्रत्येक आज्ञेपुढे तिची आवर्तने मांडून त्यांची बेरीज करीत जाणे, हा या विद्येचा पहिला धडा होता.

एका चित्रातील २६२ रेषांपैकी प्रचलित विभागणीनुसार १९२ रेषा दृश्य चित्रासाठी असत. उरलेल्या ७० रेषांच्या काळात, म्हणजे ५,३२० आवर्तनांत, खेळाडूची हालचाल, शत्रूच्या चाली, ध्वनी व गुणांची बेरीज ही सर्व कामे उरकावी लागत. हे काम लांबले तर रेषांची संख्या बिघडून पडद्यावरील चित्र वर-खाली घरंगळू लागे. यासाठी ६५३२ मधील टायमर आधी लावून ठेवीत व काम संपल्यावर तो शून्यावर येण्याची वाट पाहत. रेषेच्या पातळीवर असाच मेळ साधण्यासाठी टीआयए चिपमध्ये एक विशेष पत्ता होता. त्यावर कोणतेही मूल्य लिहिताच नवी रेषा सुरू होईपर्यंत प्रक्रियक थांबून राही.

आकृतीचे आडवे स्थान ठरविण्याची रीत तर नवशिक्यास चक्रावून टाकणारी होती. स्थानाचा आकडा लिहिता येईल असे रजिस्टरच नव्हते. शलाका इष्ट ठिकाणी पोहोचताच एका पत्त्यावर लिहावयाचे, म्हणजे आकृती तेथे बसे. प्रक्रियकाचे एक आवर्तन तीन बिंदूंचे असल्याने नेमका बिंदू साधत नसे. उरलेली चूक सूक्ष्म सरकावणीच्या दुसऱ्या रजिस्टराने भरून काढावी लागे. यावर एक सुंदर तोडगा रूढ झाला. इष्ट स्थानाच्या आकड्यातून १५ वारंवार वजा करीत राहणारे लहानसे आवर्ती चक्र लिहिले, तर त्याच्या प्रत्येक फेरीस ५ आवर्तने, म्हणजे नेमके १५ बिंदू लागतात. भागाकार संपतो त्या क्षणी शलाकाही आपोआप त्या जागेजवळ येते आणि उरलेली बाकी सूक्ष्म सरकावणीसाठी कामी येते. येथे गणना व तीस लागणारा वेळ ही दोन्ही एकच होतात. ज्याला हे उमगले त्याला हे यंत्र उमगले, असे म्हणता येईल.

शिक्षणाची रीत : १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अटारीमध्ये प्रत्येक खेळ बहुधा एकच व्यक्ती करीत असे. कल्पना, आज्ञावली, चित्रे व ध्वनी ही सर्व तिचीच असत. नवागताने पूर्वीच्या आज्ञावल्या वाचाव्यात, शेजारच्यास विचारावे व प्रयोग करावेत, अशी एक प्रकारची उमेदवारीची पद्धत होती. डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह राइट यांनी कंपनीतील वापरासाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तोपर्यंत यंत्र बाजारात येऊन दोन वर्षे उलटली होती.

अभिकल्पकांनी मुख्यतः दोन रणगाडे, त्यांचे गोळे व मधल्या भिंती किंवा दोन फळ्या व एक चेंडू असे खेळ डोळ्यांसमोर ठेवले होते. यंत्राबरोबर दिल्या जाणाऱ्या ‘काँबॅट’ या खेळात याचे प्रतिबिंब दिसते. शिकणाऱ्यांनी मात्र ही मर्यादा लवकरच ओलांडली. दोन खेळाडू-आकृतींच्या प्रत्येकी तीन प्रती दाखविण्याची सोय वापरून रिक मॉरर यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळाच्या घरगुती आवृत्तीत (१९८०) एका ओळीत सहा शत्रू उभे केले व रेषागणिक आकृती बदलून अशा सहा ओळी मांडल्या. बुद्धिबळाच्या पटावर एका ओळीत आठ सोंगट्या लागतात. त्यासाठी बॉब व्हाइटहेड यांनी काही सोंगट्या एका रेषेत व उरलेल्या पुढच्या रेषेत, अशी झिलमिलीच्या पडद्यासारखी योजना केली. त्या खेळात यंत्र चालीचा विचार करू लागले की पट नाहीसा होऊन नुसते रंग बदलत राहत. कारण विचार व चित्र ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे प्रक्रियकास शक्य नव्हते.

श्रेय व स्वामित्व : खेळ ही एका व्यक्तीची कृती असली, तरी कार्ट्रिजवर किंवा वेष्टनावर तिचे नाव नसे. ‘ॲडव्हेंचर’ या खेळाचे कर्ते वॉरन रॉबिनेट यांनी यावर आपल्यापुरता उपाय योजला. पार्श्वभूमीच्या रंगाचा, एका बिंदूएवढा अदृश्यप्राय ठिपका योग्य जागी नेल्यास उघडणाऱ्या गुप्त दालनात त्यांनी स्वतःचे नाव लिहून ठेवले. ही गोष्ट उघडकीस आली तेव्हा ते कंपनी सोडून गेले होते. कार्ट्रिजमधील स्मृती कारखान्यातच कायमची घडविली जात असल्याने विकल्या गेलेल्या प्रतींतून ते नाव पुसणेही शक्य नव्हते.

डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन या चौघांनी अटारीकडे श्रेय व विक्रीतील वाटा यांची मागणी केली. ती मान्य न झाल्याने त्यांनी कंपनी सोडली व जिम लेव्ही यांच्यासमवेत १ ऑक्टोबर १९७९ रोजी ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्याने बनविलेल्या खेळयंत्रासाठी केवळ खेळ तयार करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी समजली जाते. अटारीने तिच्यावर खटला भरला; १९८२ मध्ये स्वामित्वशुल्काच्या अटीवर तो मिटला. ॲक्टिव्हिजनच्या खेळांबरोबर त्यांच्या कर्त्यांची नावे छापली जात. अशा रीतीने यंत्राची मालकी व त्यावरील कौशल्याची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यवहारात सिद्ध झाले.

क्रेन यांच्या ‘पिटफॉल’ (१९८२) या खेळात जंगलाची २५५ दृश्ये आहेत. ४,०९६ बाइटांत ती साठविणे अशक्य होते. क्रेन यांनी आठ बिटांचा एक आकडा घेऊन ठराविक नियमाने त्याचे बिट सरकवीत जाण्याची पद्धत वापरली. शून्य वगळता २५५ आकडे प्रत्येकी एकदा येऊन हे चक्र पूर्ण होते व प्रत्येक आकड्याच्या बिटांवरून त्या दृश्यातील झाडे, खड्डे व मगरी ठरतात. नियम उलटा चालविता येत असल्याने खेळाडू मागे फिरला तरी आधीचेच दृश्य परत मिळते. कॅरल शॉ यांनी ‘रिव्हर रेड’ (१९८२) या खेळातील नदीचे लांबलचक पात्र अशाच गणिती साधनाने निर्माण केले. संगणकीय खेळांच्या व्यवसायातील आरंभीच्या स्त्री आज्ञावलीकारांत त्यांची गणना होते.

ऱ्हास : ॲक्टिव्हिजनचे यश पाहून १९८२–८३ मध्ये अनेक कंपन्या या व्यवसायात उतरल्या. आज्ञा जाणणारे पुष्कळ, पण यंत्र जाणणारे थोडे, अशी स्थिती झाली व निकृष्ट खेळांनी बाजार भरून गेला. अनुभवी व्यक्तीसही काळाची सवलत मिळेनाशी झाली. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना ‘ई. टी.’ (१९८२) हा खेळ सु. पाच आठवड्यांत पुरा करावा लागला. १९८३ मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यातील ॲलमगोर्डो येथे अटारीची न खपलेली कार्ट्रिजे जमिनीत पुरण्यात आली. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरून त्यांपैकी काही बाहेर काढण्यात आली. जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांस विकण्यात आला.

६५०२ कुलाची असेंब्ली भाषा मात्र या ऱ्हासात लोपली नाही. ॲपल २, बीबीसी मायक्रो आणि निन्टेन्डो कंपनीचे १९८३ मधील खेळयंत्र यांत त्याच कुलातील प्रक्रियक होते. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हाच संगणक वापरण्यात आला व त्यातील बेसिक भाषेतच असेंब्ली आज्ञा लिहिण्याची सोय होती. तथापि या यंत्रांत चित्राची माहिती स्मृतीत ठेवली जात असल्याने शलाकेशी मेळ साधण्याची विद्या तेथे सामान्यतः निकडीची नव्हती.

पुनरुज्जीवन : व्हीसीएसची विद्या पुढे जिवंत राहिली ती मुख्यतः हौशी अभ्यासकांमुळे. जुन्या कार्ट्रिजमधील आकडे वाचून त्यांपासून पुन्हा असेंब्ली संज्ञा तयार करणे व प्रत्येक आज्ञेचा हेतू ओळखणे, ही त्यांची मुख्य अभ्यासपद्धती होती. राइट यांची मार्गदर्शिका पुन्हा टंकलिखित होऊन त्यांच्या हाती आली. मॅथ्यू डिलन यांनी १९८० नंतरच्या दशकात लिहिलेला ‘डॅझम’ हा असेंब्लर आणि ब्रॅडफर्ड मॉट यांनी १९९५ च्या सुमारास सुरू केलेली, साध्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी ‘स्टेला’ ही आज्ञावली यांमुळे मूळ सामग्रीवाचूनही शिक्षण शक्य झाले. अशा नक्कल-आज्ञावलीत प्रत्येक आवर्तनागणिक थांबून शलाका कोठे आहे ते पाहता येते. अटारीतील पहिल्या पिढीस ही सोय नव्हती.

या यंत्राकडे विद्वानांचेही लक्ष गेले. निक मॉन्टफर्ट व इयन बोगोस्ट यांचा ‘रेसिंग द बीम’ हा ग्रंथ (२००९) या यंत्राच्या रचनेचा व खेळांच्या स्वरूपाचा परस्परसंबंध उलगडून दाखवितो. एड फ्राइझ यांनी ४,०९६ बाइटांत लिहिलेल्या ‘हेलो २६००’ (२०१०) या नव्या खेळाचा अमेरिकेतील स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने २०१३ मध्ये आपल्या संग्रहात समावेश केला. एकेकाळी ज्या कृतींवर कर्त्याचे नाव घालण्याची सोय नव्हती, त्याच प्रकारची कृती अशा रीतीने कर्त्याच्या नावासह कलासंग्रहात दाखल झाली.

आधुनिक संगणकाची स्मृती व वेग यांच्या तुलनेत व्हीसीएसची सामग्री नगण्य आहे आणि या यंत्राच्या आज्ञावलीलेखनाचा व्यावसायिक उपयोग आता अत्यल्प आहे. तरीही हा अभ्यास होत राहिला आहे. कारण येथे आज्ञा व तिचा परिणाम यांच्यामध्ये कोणताही आडपडदा नाही. लिहिलेली प्रत्येक आज्ञा पडद्यावर कोणत्या क्षणी व कोणत्या बिंदूवर फलद्रूप होते, ते शिकणाऱ्यास मोजून सांगता येते. संपूर्ण यंत्र एका माणसाच्या आकलनात मावावे, ही स्थिती संगणकांच्या पुढील वाढीत दुर्मिळ होत गेली. व्हीसीएसवरील आज्ञावलीलेखन हा त्या स्थितीचा एक शिकता येण्याजोगा व प्रत्यक्ष करून पाहता येण्याजोगा पुरावा आहे.